सायराकान एजेंच्या खिशातलं कुरुत

सायराकान एजेंचा भाऊ गेला हे त्यांच्याआधी मला कळलं, आणि ते त्यांना सांगायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. नर्सच्या नोकरीत सगळ्यात जड काय असतं असं कुणी विचारलं, तर तेव्हापासून मी पेशंट उचलणं असं म्हणत नाही.

एजे म्हणजे थोरली बहीण. आमच्याकडे मानाच्या बाईला असंच म्हणतात, नात्याची असो वा नसो. नारीन शहराच्या पलीकडे, खोऱ्याच्या टोकाला आमचं तालुक्याचं हॉस्पिटल आहे, त्यातल्या मेडिसिन वॉर्डाच्या त्या इन्चार्ज सिस्टर. बुटक्या, रुंद, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. या नोकरीत आधी पाय म्हातारे होतात, मग बाकीचं माणूस. एजेंचे पाय केव्हाच म्हातारे झाले होते, तरी निवृत्त व्हायचं नाव नव्हतं, कारण त्यांच्या जागी यायला कुणी तयार नव्हतं. शिकलेल्या पोरी राजधानीला, बिश्केकला जातात, तिथून रशियाला. मागे उरतो आम्ही. कुणाला लहान लेकरं, कुणाला म्हातारी सासू, आणि सगळ्यांना जास्तीच्या ड्यूट्या.

एजेंच्या एप्रनच्या खिशात थर्मामीटर, पेन आणि मूठभर कुरुत असायचं. कुरुत म्हणजे वाळवलेल्या दह्याच्या खारट, दगडासारख्या कडक गोळ्या. पेशंटचा मुलगा व्हरांड्यात थयथयाट करत यायचा, माझ्या बापाला सलाईन का लावलं नाही, तुम्ही पगार कसला घेता वगैरे. आम्ही असतो तर तोंडाला तोंड दिलं असतं. मी तर दिलंच असतं. एजे सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, "लांबून आलास रे बाळा. सकाळपासून पोटात काही नसेल." आणि हातावर कुरुत ठेवायच्या. दिलेल्या घासाला नाही म्हणायचं नाही, ही आमच्याकडची रीत. तो ते तोंडात टाकायचा, आणि कुरुत तोंडात असताना माणसाला ओरडता येत नाही. ते चघळावं लागतं, विरघळायची वाट बघावी लागते. तेवढ्या वेळात एजे त्याला बापाजवळ नेऊन बसवायच्या.

आम्ही ड्यूटीवरून भांडलो की आम्हालाही तेच औषध. मला त्यांनी आजवर पोतंभर कुरुत चारलं असेल. माझी जीभ काही सुधारली नाही.

ते कुरुत त्यांच्या भावाच्या घरचं असायचं. सुयुनबेक पाळण्यात असताना आई गेली, तेव्हापासून त्याला एजेंनीच वाढवलं. त्याचं शिक्षण, त्याचं लग्न, सगळं यांनी केलं. स्वतःचं लग्न केलं ते उशिरा, नवराही लवकर गेला, मूलबाळ झालं नाही. सुयुनबेक उन्हाळाभर मेंढ्या घेऊन वरच्या कुरणात राहायचा आणि खाली येणाऱ्याच्या हाती बहिणीसाठी कुरुताची पिशवी पाठवायचा. एजेंना आपलं म्हणावं असं माणूस ते एवढंच.

जुलैतल्या त्या सकाळी एजेंच्या माहेरच्या गावातल्या शेराली आजोबांचा मला फोन आला. "जिपारा, पोरी, नीट ऐक. सुयुनबेक पहाटे गेला. घोड्याला खोगीर घालता घालता खाली बसला, तो उठलाच नाही. आम्ही चार म्हातारे निघतोय. आम्ही येईतो तिच्या कानावर जाऊ देऊ नकोस."

आमच्यात मरणाची बातमी फोनवर देत नाहीत. उभ्याउभ्या देत नाहीत, एकट्याला गाठून देत नाहीत. वडीलधारी माणसं घरी जातात, दोन्ही बाजूंना माणूस बसवतात, हवापाण्याचं बोलतात, मग म्हणतात की डोंगरही खचतात, नद्याही आटतात. ऐकणाऱ्याला हळूहळू उमगायला लागतं आणि शेवटी नाव येतं. हॉस्पिटलात एवढा वेळ कुणाला असतो? आमचे डॉक्टर एर्मेक नवे होते तेव्हा त्यांनी एका बाईला फोनवर सांगून टाकलं, तुमचा नवरा गेला म्हणून. ती बाई होती घोड्यावर. तिथेच खाली आली आणि हात मोडून आमच्याच हॉस्पिटलात भरती झाली. एजे डॉक्टरांना एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त त्या बाईला रोज सकाळी चहा पाजायचं काम त्यांनी डॉक्टरांनाच दिलं. हात प्लास्टरमध्ये, तेव्हा चहाची वाटी डॉक्टरांनीच धरायची. तिचं प्लास्टर निघेपर्यंत डॉक्टर माणसात आले.

पुढे ते राजधानीत कसलंसं प्रशिक्षण घेऊन आले, भावनिक बुद्धिमत्ता आणि नेतृत्व असं त्याचं नाव. आल्यावर आम्हा सगळ्यांना बसवून भाषण दिलं. एजे पहिल्या रांगेत बसून शांत झोपल्या. कुणी त्यांना उठवलं नाही, डॉक्टरांनीही नाही. भाषण खरंच लागू पडलं असं मी म्हणते.

पण एजेंचं स्वतःचं एक सांगणं होतं. घोड्याच्या प्रकारानंतर त्यांनी आम्हाला चहाला बसवून सांगितलं होतं, "बातमी द्यायच्या दिवशी रोजच्यासारखं वागा गं. रोज कुरकुरत असाल तर कुरकुरा. माणसाला शब्दांच्या आधी तुमच्या गोडव्यावरून कळतं." आम्ही माना डोलावल्या होत्या. मान डोलवायला काय लागतं?

तर त्या सकाळी मी पहिलं काम केलं ते एजेंचा फोन मागून घेण्याचं. "माझ्या फोनमधले पैसे संपलेत, दिवसभर असू दे का?" त्यांनी काढून दिला. मग गुलबार्चिनला सांगितलं, ती आमच्यातली सगळ्यात तरुण नर्स. मग डॉक्टरांना.

डॉक्टर म्हणाले, "त्यांना आत्ताच सांगायला हवं. त्यांचा भाऊ आहे, त्यांचा हक्क आहे."

"डॉक्टर, घोड्यावरची बाई आठवते ना?"

ते कानापर्यंत लाल झाले. "ठीक आहे. म्हातारे येऊ देत."

आणि मग दिवसभर आम्ही सगळे शहाण्यासारखे वागलो. गुलबार्चिन, जी शनिवारच्या ड्यूटीचं नाव काढलं की नागिणीसारखी फणा काढते, तिनं शनिवार मुकाट्यानं घेतला. झाडूवाल्या मावशीनं न सांगता व्हरांडा दोनदा पुसला. डॉक्टरांनी एजेंसाठी स्वतः खुर्ची उचलून आणली. आणि मी, जिचा कापसावरून त्यांच्याशी रोज खटका उडतो, मी दिलेल्या कापसात गपचूप भागवलं.

एजेंनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "जिपारा, अंगात ताप आहे का गं?"

"नाही एजे."

"बरं," म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे वळल्या.

दुपारी जेवणानंतर शेराली आजोबांचा पुन्हा फोन आला. डोंगरातून चिखलाचा लोंढा येऊन रस्ता बुजला होता. म्हातारे वरच्या वाटेनं वळसा घालून निघाले होते, अंधार पडायच्या आत पोहोचणं अवघड होतं. इकडे एजेंची ड्यूटी संपत आलेली. ड्यूटी संपली की त्या बाजारातून घरी जाणार, आणि एव्हाना बाजारात ज्याला कळलं नव्हतं असा माणूस उरला नव्हता. कुणीतरी भाजीवाली दुरूनच हंबरडा फोडत गळ्यात पडली असती. त्यांचं ब्लडप्रेशर आधीच औषधावर चाललेलं. आमच्यापैकी कुणीतरी आत्ताच सांगायला हवं होतं.

मी चादरींच्या खोलीत जाऊन उभी राहिले. थकले होते हो मी. आदल्या दिवशीही ड्यूटी झाली होती, घरी सासूला अंथरुणावरून उठवायचं होतं, आणि वर हे. डॉक्टर दारात आले. "मी सांगू का?"

मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण एजेंना हे आमच्या तोंडून कळायला हवं होतं, डॉक्टरांच्या नाही. "तुम्ही पाणी धरा," मी म्हणाले.

सिस्टर्सच्या खोलीत चहा मांडला. एजे येऊन बसल्या. गुलबार्चिन दाराशी खांबासारखी उभी. डॉक्टरांच्या हातात पाण्याची वाटी. मी समोर बसले आणि सुरुवात केली. "एजे, यंदा वर कुरणात गवत बरं आहे म्हणतात."

"हं."

"पाऊसही झालाय. पण पाऊस झाला तरी... म्हणजे डोंगरसुद्धा..." पुढचं येईना.

एजेंनी चहाची वाटी खाली ठेवली. "गुलबार्चिन, दार सोड आणि इथे बस. माझा हात धर. डॉक्टर, पाणी टेबलावर ठेवा, सांडतंय. जिपारा, आता बोल. घाई नाही."

"सुयुनबेक गेला, एजे. पहाटे. घोड्याला खोगीर घालताना. त्रास झाला नाही त्याला."

एजेंनी गुलबार्चिनचा हात घट्ट आवळला, इतका की तिची बोटं पांढरी पडली आणि ती हूं की चूं करेना. मग एजे म्हणाल्या, "सकाळीच कळलं होतं मला. कुणी माझ्याशी भांडत नव्हतं."

"मग विचारलं का नाही?"

"विचारलं असतं तर तुला तिथेच सांगावं लागलं असतं, हातात सुई घेऊन, पेशंटच्या डोक्यावर उभं राहून." मग म्हणाल्या, "आणि तुम्ही सांगितलं नव्हतं तोवर तो वर मेंढ्यांमागे होता. माझं दुसरं आहे कोण?"

मी रडायला लागले. गुलबार्चिन तर आधीच रडत होती. एजेंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला स्वतःची भयंकर चीड आली. सांत्वन करायला आम्ही बसलो होतो आणि सांत्वन आमचंच चाललं होतं. आयुष्यभर या बाईनं हेच केलं, आणि आजच्या दिवशीसुद्धा आम्ही तिला ते करायला लावलं.

एजे उठल्या. "गुलबार्चिन, शनिवार तुझा नाही. तुझ्या लेकराचा वाढदिवस आहे ना? कीव म्हणून घेतलेली ड्यूटी महिन्याभरात कडू होते, मग तू मला शिव्या देशील. शनिवार जिपारा करेल."

"मीच का? गेला शनिवारही माझाच होता!" हे माझ्या तोंडून गेलं. अशा वेळी. लाजेनं मेले मी.

एजेंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं, हसू म्हणता येणार नाही त्याला. "आता कसं बरं वाटलं," म्हणाल्या.

डॉक्टरांनी जीप फाटकापाशी आणली. ते स्वतः वरच्या वाटेनं एजेंना गावी नेणार होते. पण फाटकाकडे जायचं म्हणजे वॉर्डातूनच जायचं. दोन्ही बाजूंना खाटा, आणि प्रत्येक खाटेवर हृदयाचा, दम्याचा, नाहीतर ब्लडप्रेशरचा माणूस. बहिणीनं भावासाठी मोठ्यानं, शब्द जुळवत रडायचं, ही आमची रीत. ते रडणं त्यांच्या छातीत भरून आलेलं मला दिसत होतं. दाराशी त्या थांबल्या, खिशात हात घातला. एकच कुरुत उरलं होतं. ते त्यांनी तोंडात टाकलं आणि चालायला लागल्या.

ओठ मिटून त्या सगळ्या खाटांवरून गेल्या. एका बाईचं पांघरूण सारखं केलं. दाराजवळच्या खाटेवर तुर्दाकुन आजोबा होते, महिनाभर एजेंच्या हातूनच औषध घेणारे. दुसऱ्या कुणी दिलं तर थुंकायचे. त्यांनी विचारलं, "सायराकान, उद्या येणार ना गं?" एजेंनी मान हलवली आणि त्यांच्या सलाईनची नळी नीट केली. मग बाहेर गेल्या.

मी खिडकीतून बघत होते. फाटकापलीकडे पॉप्लरची झाडं आहेत, तिथवर त्या गेल्या. तोंडातलं कुरुत काढलं, रुमालात बांधलं, रुमाल छातीशी धरला. आणि मग त्यांचा आवाज आला. इतक्या वर्षांत मी तो आवाज कधी ऐकला नव्हता.

खिडक्या उघड्याच होत्या. सगळा वॉर्ड उठून बसला. तुर्दाकुन आजोबांनी माझा एप्रन पकडला. "ती सायराकान आहे ना? काय झालं तिला? कोण गेलं?"

माझ्या हातात संध्याकाळच्या इंजेक्शनांचा ट्रे होता. पाय तुटत होते. चार शब्दांत सांगून पुढे सरकावं असं फार वाटलं. मी ट्रे खाली ठेवला, शेजारच्या खाटेवरच्या माणसाला जवळ येऊन बसायला खुणावलं, आणि आजोबांच्या पायाशी बसले.

"आजोबा," मी म्हणाले, "यंदा वर कुरणात गवत बरं आहे म्हणतात."