पुन्हा एकपासून

आमच्या कुंगफूच्या वर्गात एक रिवाज आहे. पाय फाकवून बसलेल्याच्या खांद्यांवर सर भार देतात आणि बाकीचे तीसपर्यंत मोजतात. तो "बस" म्हणाला, की मोजणी पुन्हा एकपासून.

काल मेघनाची पाळी होती. तिची मांडी थरथरत होती. चोवीसला ती कळवळली, "सर, बस! आत काहीतरी तुटतंय."

"लाथ डोक्यापर्यंत न्यायचीय ना? मग? एक!"

"एक!" आम्ही ओरडलो. मोर्च्यात अन्यायाविरुद्ध घसा फोडणारी मीसुद्धा.

अंग धीराने सैल होतं, भीतीने आणखी आवळतं. दुखतंय म्हणणाऱ्यालाच शिक्षा करणारी ही शिस्त कसली? आणि ती चालते तरी कुणाच्या आवाजावर?

पाचला मी गप्प बसले. शेजारचीही थांबली. "सहा" सरांना एकट्यांनाच म्हणावं लागलं. सातच्या आधी मेघनाच्या खांद्यांवरचे हात निघाले.