काकांचं स्वतंत्र चलन

देशाच्या कर्जाची काळजी आमच्या काकांइतकी कुणीच वाहिली नसेल. अर्थमंत्री निदान दुपारची झोप तरी घेत असावेत. काका म्हणजे माझ्या मावशीचे यजमान, आटगावला राहणारे निवृत्त मास्तर. बारशाला गेले की आशीर्वादाऐवजी बाळाच्या डोक्यावर देशाचं किती कर्ज आहे ते सांगत, त्यामुळे लोक त्यांना बारसं झाल्यावर कळवू लागले. "मुंबईचा रुपया नि आपला रुपया एकच, म्हणून काय आपण मुंबईइतके स्वतंत्र झालो? ज्याचं चलन त्याची सत्ता!" हे ते सोयऱ्यांच्या पंगतीत वरणभात थांबवून विचारत. प्रश्न खरा होता. मी टाळ्या वाजवल्या, हा माझा गुन्हा.

कारण काकांनी खरोखरच चलन काढलं. आमच्याकडे आवणीला सावड चालते: आज तुम्ही माझ्या खाचरात भाताची रोपं लावा, उद्या मी तुमच्या. सगळं तोंडी. काकांनी त्याच्या चिठ्ठ्या शहापुरात छापून घेतल्या. एक चिठ्ठी, एका दिवसाची आवणी, खाली काकांची सही. आटगावात आणि मुरबाडकडच्या वैशाखऱ्यात, म्हणजे माझ्या मामाच्या गावात, दोन्हीकडे चालणार. "सरकारसारखा भरमसाट छापणार नाय," असं बजावून त्यांनी गठ्ठाच छापला. वैशाखऱ्याची माणसं आली, आटगावची खाचरं हिरवी करून चिठ्ठ्या घेऊन गेली. आठवड्याने मामाचा फोन आला, "दाजी, रोपं जून व्हाय लागली. तुमची माणसं कवा येतात?"

माणसं कुठली? आटगावात ज्याच्या त्याच्या खिशात लोकलचा पास. "काका, रजा नाय मिळत. सही तुमची हाय, तुमीच जा." दोन गावांचं चलन एक झालं होतं, फक्त घाम एका गावाचा आणि सही दुसऱ्याची. मी सुचवलं, "नव्या चिठ्ठ्या देऊन मुदत वाढवा. देश तेच करतो."

"देशाला मेव्हणा नाय रे," काका म्हणाले.

"जल्मभर खडू उचललात, आता रोपांची मूठ उचला," म्हणत मावशीही निघाली. नऊ दिवस काका चिखलात वाकले. सगळ्या गावाच्या चिठ्ठ्या फिटणं शक्य नव्हतं, पण मामाचं भात वाचलं. शेवटची चिठ्ठी मात्र मामाने फेडून घेतली नाही. "ऱ्हाऊ द्या माझ्याकडं. पुढच्या सालाला या, दाजी." आयुष्यभर कर्जाच्या नावाने बोटं मोडणारे काका ते देणं घेऊन लाजून हसले.

पुढच्या आवणीला त्यांचे गुडघे वाकेनात. त्या चिठ्ठीचा दिवस मी भरला. काका बांधावर छत्री धरून बसले होते, आणि संध्याकाळपर्यंत देशाबद्दल एक शब्द बोलले नाहीत.