दत्ता, मोटर वाइंडिंगवाला

माझा मेव्हणा दत्ता ऊस तोडायला गेला आणि परत आला नाही.

आज वर्ष झालं.

दत्ता म्हणजे माझ्या बायकोचा, मीराचा, धाकटा भाऊ. नांदूरघाटच्या अलीकडं आमचं गाव. स्टँडवर त्याचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरची जळालेली मोटर आली की जुनी तार उपसायची, नवी भरायची. हात लई साफ.

मग लागोपाठ पाऊस गेला. विहिरीत पाणीच नाही तर मोटर चालणार कशी? आणि चाललीच नाही तर जळणार कशी?

दत्ता रोज दुकान उघडायचा, झाडायचा आणि बसून राहायचा.

मी गावच्या दूध सोसायटीचा पिकअप चालवतो. गाडी जुनी. त्या साली तिला भलताच रोग लागला. चालता चालता एकदम बंद. लाईट नाही, हॉर्न नाही. थोड्या वेळानं आपोआप चालू. गॅरेजला नेली की शहाण्यासारखी उभी.

बॅटरी बदलली. डायनामो बदलला. चावीचा स्विच बदलला. रोग तसाच.

एका दुपारी युसूफवडगावच्या रोडला गाडी बंद पडली ती पडलीच. सगळं दूध उन्हात नासलं.

गावात बाया टँकरपाशी घागरी घेऊन उभ्या, आणि मी इकडं त्यांच्या घरचं दूध कॅननं मातीत ओतत होतो.

चिलिंग सेंटरवाले म्हणाले, परत असं झालं तर तुमच्या गावचं दूध बंद.

सोसायटीची मीटिंग झाली. अध्यक्ष काकू म्हणाल्या, "गाडी भंगारात काढू. दुसरी घ्यायची ऐपत न्हाई."

दूध थांबलं की जनावरं बाजारात आणि माणसं उसाला. सगळ्यांना कळत होतं.

दारात दत्ता उभा होता. "काकू, जरा कळ काढा. मी बघतो."

एक जण म्हणाला, "तू मोटरवाला. गाडीतलं तुला काय कळतं रं?"

"करंट तर करंटच हाय की," दत्ता म्हणाला.

दुसऱ्या दिवशी माझ्या शेजारी येऊन बसला. मांडीवर टेस्ट लॅम्प, म्हणजे वायर लावलेला साधा बल्ब. त्याच्या दोन्ही वायरी त्यानं थेट बॅटरीच्या दोन टोकांना जोडल्या.

मी म्हणालो, "आधी गाडी खोलून तर बघ."

"उभ्या गाडीत रोग दिसत न्हाई, दाजी. भरलेली चालवा. बंद पडू द्या."

ओढ्याच्या खड्ड्यात गाडी आदळली आणि इंजिन गप्प झालं. दत्ताच्या मांडीवरचा बल्ब मात्र जळत होता.

तो त्या बल्बाकडं बघत राहिला. "बॅटरीतून करंट येतोय. पण माघारी जायला वाट न्हाई."

पुढच्या फेरीला त्यानं बल्बाची एक वायर बॅटरीला आणि दुसरी गाडीच्या बॉडीला लावली. तोच ओढा. तोच खड्डा. या वेळी इंजिनाबरोबर बल्बही गेला.

दत्ता गाडीखाली शिरला. बॅटरीची अर्थिंगची पट्टी चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथं बोल्टानं आवळलेली असते, तो बोल्ट त्यानं काढून माझ्या हातात दिला. वरून घट्ट. आतून हिरवा-पांढरा गंज. कॅन धुतलेलं पाणी, सांडलेलं दूध, सगळं वर्षानुवर्षं तिथंच झिरपत होतं. गाडी भरली की चेसी वाकायची आणि जोड सुटायचा. जरा हलली किंवा रिकामी झाली की परत चिकटायचा.

त्यानं जागा घासून लखलखीत केली, नवी पट्टी लावली, वरून ग्रीस.

गाडी परत तशी बंद पडली नाही.

त्या साली गावातली बरीच घरं उसाला गेली नाहीत. दूध होतं म्हणून.

दत्ता गेला. त्याच्या दावणीला जनावर नव्हतं.

मी म्हणालो, "राहा की इथं. सोसायटीच्या गाडीचं काम बघ."

हसला. "म्हणजे गाडीला रोज रोग लागावा का, दाजी?"

त्यानं दुकानाला कुलूप लावलं आणि बायकोला, रेखाला, घेऊन कर्नाटकात गेला. पोरगी आमच्याकडं ठेवली.

तिकडून मीराला फोन करायचा. एकदा म्हणाला, "ताई, आमच्या ट्रॉलीला मागं लाईटच न्हाई. ट्रॅक्टरवाल्याला म्हणलं वायर आणून दे, मी लावतो. तर म्हणतो, सीझन संपू दे."

मग एका पहाटे दाट धुकं होतं. उसानं भरलेली ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यावर उभी. दत्ता मागच्या चाकाला दगड लावायला उतरला. मागून ट्रक आला. ड्रायव्हरला ट्रॉली दिसलीच नाही.

मला डेअरीवर फोन आला. घरी गेलो. मीरा भांडी घासत होती. माझ्या हातातला फोन बघून म्हणाली, "दत्ताचा हाय का?"

मी म्हणालो, "दत्ताबद्दल हाय."

तिनं हातातलं ताट हळूच खाली ठेवलं. अजून मला तो ताट ठेवल्याचा आवाज येतो.

यंदा दिवाळीनंतर ऊसतोडीची टोळी निघाली. रेखा तिच्या भावाबरोबर जायला उभी. आम्ही लई समजावलं. म्हणाली, "घरात बसून काय बघू? त्यांचं दुकान?"

निघायच्या दिवशी मी टोळीच्या ट्रॉलीला मागं लाईट लावत होतो. दत्तासारखा हात नाही माझा. जोड सुटायचा, परत बांधायचो. टोळी सामानासकट चढून बसलेली. पण मुकादमसुद्धा 'चला' म्हणाला नाही.

रेखानं वरून विचारलं, "दाजी, लागला का?"

"लागला."

ती खाली उतरली. मागं आली. स्वतः बघितलं. मग पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि परत चढली.

आज तुझं वर्षश्राद्ध, दत्ता. रेखा तिकडं उसाच्या फडात आहे. इथं पोरीनं तुझ्या फोटोला हार घातला.

आम्हा सगळ्यांचा शेवटचा रामराम घे, भावा.