विंगवर कबड्डीवाली

आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट मी. हे मी कुठेही सांगते, कुणी विचारलं नसलं तरी सांगते. भाजी घेताना विषय निघाला तर भाजीवाल्यालाही सांगते. आणि त्याच तोऱ्यात दुसरी गोष्ट सांगते, की मी कॉलेजच्या बास्केटबॉल टीमची विंग होते. तेव्हा लोक आधी माझ्या तोंडाकडे बघतात, मग पायांपासून डोक्यापर्यंत माझी उंची मोजतात आणि म्हणतात, "तू?" बघू देत. उंची मी काही त्यांच्याकडे उसनी मागितलेली नाही.

तळवलीत वाढलेल्या मुलीला खेळ म्हणजे कबड्डी. गावदेवीच्या देवळाजवळचं मैदान, प्रकाशझोतातले सामने, माईकवरून घसा फुटेपर्यंत ओरडणारे काका. मी चढाई करायचे. पलीकडच्या अंगणात दम घालत शिरायचं, एकीला शिवायचं आणि कुणी पाय धरायच्या आत मध्यरेषा ओलांडून घरी परत. शिवणं सोपं असतं, परत येणं अवघड. त्यामुळे परत पळायची सवय माझ्या पायांत अशी भिनली होती की मला विचारायच्या आधीच पाय वळायचे.

कॉलेजात कबड्डीची टीमच नव्हती. सर म्हणाले, "मुली जमत नाहीत गं. बास्केटबॉलला ये, मला पळणारी माणसं लागतात." मी गेले. पहिलं वर्षभर बाकावर बसून टाळ्या वाजवल्या, तेही जोरात वाजवल्या. मी बघायचे फक्त ताईकडे.

ताई आमची विंग. कोर्टाच्या बाजूच्या रेषेला धरून पळायचं, सगळा घोळका मधे बॉलवर तुटून पडला तरी आपण रेषेजवळची जागा सोडायची नाही, आणि बॉल आला की थेट बास्केट गाठायचं, हे विंगचं काम. ताई ते करायची तेव्हा तिच्या बुटांचा आवाजसुद्धा यायचा नाही. माझ्यापेक्षा दोन वर्षं पुढे होती, खांदेश्वरहून यायची. तिचा शेवटच्या वर्षाचा निकाल लागला, ऐरोलीत नोकरी लागली, पेढे आले. पेढा तोंडात असतानाच कॅप्टनच्या डोक्यात प्रकाश पडला. "अरे यार! म्हणजे हिला आता खेळता येणार नाही!" सगळ्यांचं चावणं थांबलं.

आमच्या टीमची एक पद्धत होती. जाणारी मुलगी आपली जर्सी धुऊन, इस्त्री करून, आपल्या जागी येणारीच्या हातात स्वतः द्यायची. सर त्यात पडायचे नाहीत. "खेळवायचं कुणाला ते मी बघतो, कपड्यांचं तुमचं तुम्ही बघा," म्हणायचे. ताईची अकरा नंबरची जर्सी होती. ती तिने धुतली, इस्त्री केली आणि पिशवीत घालून स्वतःकडेच ठेवली. कारण विंगच्या जागेला आम्ही दोघी होतो. एक मी आणि दुसरी फर्स्ट इयरची एक मुलगी. ही दुसरी इतकी उंच की तिच्याशी बोलताना माझी मान अवघडायची, आणि स्वभावाने इतकी गोड की धड रागही धरता यायचा नाही. तिच्या शाळेत कोर्ट होतं. आमच्या शाळेत पटांगणात हेडमास्तरांची स्कूटर होती.

सरांनी सांगून टाकलं, "झोनल स्पर्धेच्या पहिल्या मॅचला तू. जमलं तर तू, नाही तर पुढच्या मॅचपासून ती." ताई म्हणाली, "मग जर्सीपण मॅचनंतरच."

मला ती जर्सी हवी होती. नुसती हवी नव्हती, झोपेत हवी होती. का ते सांगते. घरात मी सगळं बहिणीचं उतरलेलं वापरलं. फ्रॉक, दप्तर, चपला, कंपासमधला कर्कटकसुद्धा. त्याचा मला वीट आला होता. पण कॉलेजात आले आणि लक्षात आलं, इथे आपल्याला कुणाचं उतरलेलं काहीच नाही. बाकीच्यांना कुणाच्या दादाच्या नोट्स, कुणाच्या मावशीने सांगितलेलं कुठला विषय घे, कुठला प्रोफेसर कडक. मला सांगायला पुढे कुणी गेलेलंच नव्हतं. ती जर्सी मिळाली असती तर कॉलेजात पुढे गेलेल्या कुणीतरी मागे वळून माझ्या हातात दिलेली ती पहिली वस्तू झाली असती. आयुष्यात पहिल्यांदा मला कुणाचं तरी उतरलेलं हवं होतं!

प्रॅक्टिस सुरू झाली आणि पहिल्याच दिवशी तमाशा झाला. रेषेजवळ राहायला मला शिकवावंच लागलं नाही, कबड्डीवालीला रेष पायाने कळते. सर खूश. कॅप्टनने बॉल टाकला, मी मध्यरेषा ओलांडून सुसाट पुढे गेले, समोरून दोघी अंगावर आल्या. मी एकीला खांदा घासला, गर्रकन वळले आणि बॉल घेऊन वाऱ्यासारखी आपल्या बाजूला परत आले. मध्यरेषेच्या अलीकडे येऊन हात वर करून उभी राहिले. बघा, सुटले!

कॅप्टन कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर आली.

"हे काय होतं?" तिने विचारलं.

"शिवून आले ना," मी म्हटलं.

कॅप्टन जमिनीवर बसली. मग आडवी झाली. हसून हसून तिला उचकी लागली. उंच मुलगी बास्केटच्या खांबाला मिठी मारून हसत होती. सरांनी शिटी तोंडात धरली होती, पण हसू दाबताना तिच्यातून नुसतं फुसफुस होत होतं. शेवटी ते म्हणाले, "बाळा, इथे बॉल घेऊन एकदा पलीकडे गेलं की परत यायचं नसतं. आलं की बॉल समोरच्यांचा. बॅककोर्ट."

मला नियम कळला, पायांना कळेना. कोणी अंगावर आलं की पाय घराकडे. शिवाय पळताना मी दम धरायचे आणि ओठांतल्या ओठांत कबड्डी कबड्डी चालायचं. कॅप्टन वैतागली. "अगं पास माग, काहीतरी बोल!" बोलणार कसं? दम गेला असता ना!

दर शनिवारी ताई ऐरोलीहून ऑफिस सुटल्यावर थेट कोर्टावर यायची, गळ्यात ओळखपत्र तसंच. दुसऱ्या शनिवारी तिने माझे चाळे बघितले आणि पिशवीतून जर्सी काढली. आम्ही ज्या बास्केटमध्ये बॉल टाकायचा त्याच्या खांबाला तिने ती हँगरवर लटकवली. "हवी ना? मग इकडे ये. तिकडे मागे काही ठेवलेलं नाही तुझ्यासाठी." आणि गंमत म्हणजे जमायला लागलं. अंगावर कुणी आलं की मी जर्सीकडे बघायचे. दहातून एकदोनदाच मागे पळायचे. कॅप्टन म्हणाली, "गाजर दाखवलं की चालते."

मॅचची गोष्ट आईला बाजारातच सांगितली. आई घणसोलीच्या बाजारात मासळी विकते. वाटे लावता लावता तिने विचारलं, "काय असतं गो त्यान?"

"टोपलीत बॉल टाकायचा."

"आनि?"

"आणि काही नाही. जास्त वेळा टाकेल तो जिंकला."

"मंग त्यान काय हाय? मी येतंय बगाला."

सकाळचा बाजार उरकून आई नेरूळला, मॅच होती त्या कॉलेजात हजर, हातात रिकामी टोपली. ताईने तिला आपल्या शेजारी बसवलं, आम्ही बॉल टाकणार होतो थेट त्याच बास्केटच्या मागे. कारण ताई जर्सी मांडीवर घेऊन मला दिसेल अशी बसली होती. आईने मान वर करून रिंगकडे नीट बघितलं आणि अख्ख्या कोर्टाला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आवऱ्या पोरी धावतान, न् टोपलीला बूडच नाय! माजा तं अर्धा माल रस्त्यानच सांडंल." समोरच्या टीमची सेंटरसुद्धा हसली. ती हसत होती तोवर आमच्या कॅप्टनने पहिलं बास्केट टाकून घेतलं. ते दोन पॉइंट मी आईच्याच नावावर धरते.

पहिल्या हाफमध्ये मी एकदा मागे पळालेच. शिटी वाजली, बॉल गेला. सरांनी दोन्ही हातांनी डोकं धरलं आणि बाकावरच्या उंच मुलीकडे नजर टाकली. ती मला हाताने "चालतंय, चालतंय" करत होती. हाफटाइमनंतर बाजू बदलल्या, म्हणजे आमचं बास्केट आता दुसऱ्या टोकाला. ताई जर्सी घेऊन त्या टोकाला पळाली, मागून आई टोपली घेऊन. तिथे बसताच ताईने जर्सी दोन्ही हातांनी उंच धरून हलवायला सुरुवात केली. पंच जवळ आले.

"मॅडम, हे काय चाललंय?"

"वाळत घातलीय, सर."

"जरा खाली वाळवा."

शेवटचं मिनिट. आम्ही एका पॉइंटने मागे. ताईला बघवेना. तिने जर्सी आईच्या हातात कोंबली आणि दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले. कॅप्टनने बॉल अडवला आणि माझ्याकडे फेकला. मी रेषेजवळ होते, मध्यरेषेच्या जेमतेम पुढे. आणि समोरून तिघी आल्या, हात पसरून, अगदी साखळी करून याव्यात तशा. माझे पाय वळायलाच लागले. मला अजून आठवतं, डावी टाच उचलली गेली होती.

आणि आईचा आवाज आला. आईने जन्मभर एकच खेळ बघितलेला. पोर पलीकडच्या अंगणात अडकली, तिघी धरायला आल्या, आता ओरडायचं काय ते तिला पाठ होतं. ती जर्सी झेंड्यासारखी फिरवत जिवाच्या आकांताने ओरडली, "ये गो बाय! परत ये! घरा ये!"

पण आई कुठे बसली होती? बास्केटच्या मागे!

माझी टाच परत टेकली. आई बोलावते म्हणजे घर तिकडे. डोक्याने नाही, पायांनीच हे ठरवलं. मी खाली वाकले, बॉल जमिनीलगत टप्पे खात, आणि दोघींच्या पसरलेल्या हातांखालून अशी डुबकी मारली की गावच्या माईकवाल्या काकांनी बक्षीस जाहीर केलं असतं. सुटले आणि सरळ आईकडे पळत सुटले. वाटेत बास्केट लागलं म्हणून बॉल वर टाकला. तो फळीला लागला, रिंगवर एक फेरी मारली, अर्धी आणखी मारली, आणि आत. मी थांबलेच नाही. बाहेरची रेष ओलांडून जाऊन आईला आदळले. टोपली एकीकडे, ताई दुसरीकडे.

उरलेले सेकंद आमच्या बाकीच्यांनी हात पसरून, किंचाळत संपवले. जिंकलो!

मी भानावर येईपर्यंत आईने ती जर्सी माझ्या डोक्यातून घालून खाली ओढलीसुद्धा होती, आधीच्या जर्सीवरून. कॅप्टन धावत आली, मला मिठी मारली आणि मग एकदम दूर होऊन बोट रोखलं. "चीटिंग! जर्सी ताईनेच द्यायची असते. आईंनी दिलेली चालत नाही."

"मी आईंना दिली, आईंनी तिला दिली. झालं की," ताई म्हणाली.

"मधे कुणी नसतं. पद्धत म्हणजे पद्धत."

सर लांबून म्हणाले, "मला विचारू नका." पण जाता जाता माझ्या डोक्यावर टपली मारून पुढे म्हणाले, "शुक्रवारी लवकर ये. विंगला वेगळी प्रॅक्टिस देणारे."

मग ताईने माझ्या अंगातून जर्सी परत काढली, बाकावर पसरली, हाताने सुरकुत्या दाबल्या, चौकोनी घडी घातली. आम्ही सगळ्या गोल करून उभ्या. घडी नाकाशी नेऊन ती थबकली. "आई, मी ही धुऊन आणली होती हो!"

आईने आपले हात बघितले. सुरमईचा बाजार होता त्या दिवशी. "धुवून काय कराचं? आथा ती खेलून मलवनारच हाय ना?" त्यावर जे हसू फुटलं ते आवरेचना, उंच मुलगी तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून हसली, त्यासाठी तिला पार वाकावं लागलं. ताईने डोळे पुसले आणि घडी माझ्या दोन्ही हातांवर ठेवली. "घे. आता तुझी." मी काहीतरी छान बोलणार होते. तोंडातून फक्त "मापात मोठी आहे" एवढंच आलं.

मोठी होतीच. गुडघ्याला टेकायला थोडीच कमी. तशीच घालून मी आईबरोबर घणसोलीला संध्याकाळच्या बाजाराला गेले, कारण काढायची माझी तयारी नव्हती. आई वाटे लावत होती आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, कुणी विचारलं नसतानाही, सांगत होती, "ही माजी पोर. विंग हाय ती."

"विंग म्हणजे काय गं मावशी?" एका बाईने विचारलंच.

आईने पापलेटावरची माशी हाकलली. "मना काय म्हाईत? पन हाय."