काळभद्राला दिलेलं तोंड

भीमराव ओव्हाळांचा फोन आला तेव्हा मी सातवीच्या चित्रकलेच्या वह्या तपासत होते. एकवीस वर्षांनी त्यांचा आवाज ऐकला.

"उत्कर्षा मॅडम, काळभद्राचं तोंड तुम्हीच काढलं होतं ना?"

नमस्कार नाही, कशा आहात नाही. मी हो म्हणाले.

"मग रविवारी सकाळी दहाला कोथरूडला या. पिक्चर बघायचाय. तुमच्या शेजारी बसून बघायचाय."

त्यांनी सोसायटीचं नाव सांगितलं आणि फोन ठेवला.

भीमराव पुण्याजवळच्या मांजरी गावचे. हडपसरच्या एका फाउंड्रीत बत्तीस वर्षं नोकरी केली. सव्विसाव्या वर्षी वितळलेल्या लोखंडाचा शिंतोडा उडाला आणि डावा गाल कानापासून हनुवटीपर्यंत भाजला. त्याच सुमारास ते कराटे शिकायला लागले. काळा पट्टा मिळवला आणि मांजरीच्या शाळेच्या मैदानावर पहाटे मुलांना शिकवू लागले. पहिल्या पाळीला जायचं असलं तरी त्यांनी क्लास कधी बुडवला नाही.

२००४ साली नारायण पेठेत एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर आम्ही आठ जण मिळून कार्टूनपट बनवत होतो. मी तेवीस वर्षांची होते. लेखन आणि दिग्दर्शन महिपती सरांचं. गोष्ट अशी की एका मुलाच्या गुरूला काळभद्र नावाचा दुष्ट मारतो आणि गुप्त विद्येची पोथी पळवतो. मुलगा डोंगरावर जाऊन विद्या शिकतो आणि शेवटी कड्यावर काळभद्राशी लढतो. काळभद्र दुष्ट का, तर तो दुष्ट आहे म्हणून.

मारामारी खरी वाटावी म्हणून सरांनी भीमरावांना बोलावलं. तीन महिने दर रविवारी ते मांजरीहून यायचे. आम्ही टेबलं भिंतीला लावायचो, व्हिडिओ कॅमेरा चालू करायचो आणि ते दोन्ही बाजूंनी लढायचे. चाळिशीतला माणूस बारा वर्षांच्या पोरासारखा हलका उडायचा, मग तोच काळभद्र होऊन जमीन हादरवायचा. अधूनमधून कॅमेऱ्याकडे वळून आम्हाला समजावायचे, "हात नका बघू, पाय बघा. सगळं पायात हाय." त्या टेप बघून आम्ही एकेक चित्र काढायचो.

एकदा त्यांनी सरांना विचारलं होतं, "हा काळभद्र एवढा चांगला लढतो म्हणजे कुणीतरी त्याला मन लावून शिकवलंय. त्या शिकवणाऱ्याचं आणि याचं काय बिनसलं?"

सर म्हणाले, "भीमराव, लहान मुलांचा पिक्चर आहे. वाईट माणूस वाईट असतो, संपलं. उगाच गुंता नको."

नंतर सरांनी आम्हाला सांगितलं, "व्हिलन पडद्यावर आला की पोरांनी तीन सेकंदांत ओळखला पाहिजे. रंग काळा, आवाज जाड, बोलणं रांगडं." रांगडं बोलणं आयतं टेपवर होतंच. आवाज देणाऱ्या कलाकाराला सरांनी तीच टेप ऐकवली. चेहरा काढायचं काम माझ्याकडे आलं.

रविवारी मी पोचले तेव्हा भीमराव सोसायटीच्या हॉलच्या पायरीवर उभे होते. पांढराशुभ्र कराटेचा ड्रेस, कमरेला काळा पट्टा. केस पिकलेले, पाठ ताठ. याच हॉलमध्ये गेली नऊ वर्षं ते क्लास घेत होते. आमचा पिक्चर कुणीतरी इंटरनेटवर टाकला होता. लहानपणी तो पाहिलेल्या लोकांना आता उमाळा आला होता, म्हणून सोसायटीने मुलांसाठी खेळ ठेवला. महिपती सर प्रमुख पाहुणे.

"सेक्रेटरीसाहेबांना महिपती सरांकडून कळलं की मी त्या पिक्चरमध्ये होतो," भीमराव म्हणाले. "मला म्हणाले, सर, तुम्ही काळभद्र बनून या. झगा आम्ही आणतो, मेकअपची तर गरजच नाही."

मी त्यांच्या गालाकडे बघायचं टाळलं.

"हसत म्हणाले. वाईट हेतू नव्हता त्यांचा. तुमचाही नसेल. माझी मुलगी मैत्री दुसरीत होती, शाळेनं हा पिक्चर दाखवला. चार वर्षांची असल्यापासून ती माझ्या क्लासला होती. त्या आठवड्यात सोडला. शाळेत घ्यायला येऊ नका म्हणाली. कारण मला तिच्या बाईंकडून कळलं. वर्गातली पोरं तिला काळभद्राची पोरगी म्हणत होती."

"तुम्ही तेव्हा का नाही बोललात?"

"कुणाशी? सुरुवातीला नावं येतात, त्यात माझं नाव होतं का? शेवटी बारीक अक्षरात 'विशेष आभार, बी. आर. ओव्हाळ'. बास."

आम्ही दुसऱ्या रांगेत बसलो. चाळीसेक मुलं, मागे त्यांचे आईबाप. वीस वर्षांत मी हा पिक्चर पाहिला नव्हता. मनात कुठेतरी त्याचा अभिमानच होता. नोकरीच्या अर्जात मी त्याचं नाव पहिलं लिहायची. सुरुवातीला मुलगा झऱ्यावरून उडी मारतो, ती अजूनही सुरेख दिसत होती. आणि मग काळभद्र आला. काळा, रुंद नाकाचा, डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत डाग. दर पाच मिनिटांनी यायचा, खदाखदा हसायचा, धमकी द्यायचा आणि जायचा. पडद्यावर आमचा आळशीपणा चालला होता आणि शेजारी त्या चेहऱ्याचा माणूस बसला होता.

पुढच्या रांगेतली मुलं वळून भीमरावांकडे बघायला लागली. त्यांच्याच क्लासमधल्या एका मुलीने विचारलं, "सर, हे तुम्ही आहात?"

"नाही बाळा."

पडद्यावर काळभद्र गरजला, "म्या हाय काळभद्र, मला दया माहीत न्हाय." हॉल हसला.

भीमराव माझ्याकडे न बघता म्हणाले, "माझी आई असंच बोलायची. तिनं कुणाचा गुरू मारला नव्हता."

मग ते उठले, लॅपटॉपपाशी गेले आणि पिक्चर थांबवला. पडद्यावर काळभद्र तोंड वासून थिजला.

"महिपती सर, पिक्चरमधल्या मुलाच्या उड्या कुणी मारल्या?"

सर खुर्चीत सावरून बसले. "तुम्हीच, भीमराव. अहो, तुमच्याशिवाय हा पिक्चर झालाच नसता. मी भाषणात सांगणार होतो."

"आणि त्या मुलाला तोंड कुणाचं दिलंत?"

सर म्हणाले, "माझ्या भाच्याचं."

"भाचा उडी मारत होता?"

"हे बघा, तो फॉर्म्युला असतो. जगभर असंच करतात. व्हिलन जरा तसा दाखवावा लागतो. ते तुमच्यावर नव्हतं."

"जरा कसा?"

सेक्रेटरी पुढे आले. "सर, आपण नंतर बोलू या का? मुलांसमोर नको."

"मुलांसमोरच दाखवताय ना?" भीमरावांचा आवाज चढला नव्हता, पण हाताच्या मुठी वळल्या होत्या. "आणि हा डाग? डाग पण फॉर्म्युल्यात येतो?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी मला रंग सांगितला होता, बोलणं सांगितलं होतं. डागाचं कुणीच काही म्हणालं नव्हतं. मी उभी राहिले.

"डाग मी काढला. मला कुणी सांगितलं नव्हतं."

"का काढलात?"

"टेपवर दिसला. व्हिलनला शोभेल असं वाटलं."

'शोभेल' हा शब्द तोंडातून गेला आणि मला माझीच किळस आली. ते चित्र काढायला मला पाच मिनिटंही लागली नव्हती, आणि सगळ्यांनी वाहवा केली होती.

भीमराव मुलांकडे वळले. "हा डाग कामावर असताना पडला. कुणाला वाचवताना नाही, कुणाशी भांडताना नाही. लोखंड ओतत होतो, उडालं. एवढीच गोष्ट आहे. उद्या सहाला क्लास. उशीर करू नका."

ते निघून गेले. एक मिनिटही गेलं नसेल, सेक्रेटरींनी पिक्चर पुन्हा चालू केला. सर कानाशी लागून म्हणाले, "केवढा तमाशा केला. बसून बोलता आलं असतं." मी म्हणाले, "वीस वर्षं ते बसूनच होते." आणि बाहेर पडले. भीमराव तोवर गेलेले होते.

आठवड्याच्या आत त्यांना सोसायटीचं पत्र आलं. हॉल इतर उपक्रमांसाठी लागणार असल्याने क्लास थांबवावा, आपल्या सहकार्याबद्दल आभार. नऊ वर्षांत एक दिवस खाडा न करणाऱ्या माणसाला चार ओळी. बत्तीस मुलांपैकी अकरा जणांच्या आईबापांनी मुलांना जवळच्या मैदानावर पाठवायचं ठरवलं. बाकीच्यांना मैदान लांब पडलं. रस्ता ओलांडून आहे ते.

इंटरनेटवर त्या पिक्चरखाली मी सगळं लिहिलं. उड्या कुणाच्या, आवाज कुणाकडून उचलला, डाग कुणी काढला, माझ्या नावासकट. लोक तुटून पडले. आमचं बालपण नासवू नका, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, साधं कार्टून तर आहे. महिपती सरांनी मला फोनवर ब्लॉक केलं.

मग मैत्रीचा फोन आला. ती आता अठ्ठावीस वर्षांची, हिंजवडीला नोकरी करते.

"तुम्ही लिहिलंत ते वाचलं," ती म्हणाली. "आता तुम्हाला हलकं वाटत असेल. मला तुमचा राग आहेच, पण माझा जास्त आहे. सात वर्षांची असताना मी माझ्या बाबांची लाज बाळगली. त्यांनी एकदाही विचारलं नाही, क्लास का सोडलास म्हणून. ते मी कुठे लिहू?"

उत्तराची वाट न बघता तिने फोन ठेवला.

पुढच्या सोमवारी सकाळी मी मैदानावर गेले. भीमराव मुलांना ओळीत उभं करून पावलं शिकवत होते. मला पाहून म्हणाले, "क्लास चालू आहे. बाजूला थांबा." मी पाऊण तास कुंपणाशी थांबले. मुलं गेली, त्यांनी चपला घातल्या आणि समोर आले.

"माफी मागायला आलात?"

"हो."

"मग मागा."

मी मागितली. रडणार नाही असं ठरवून आले होते, ते पाळलं. ते चित्र काढताना मी नुसतीच आज्ञाधारक नव्हते, उत्साही होते, हेही सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"ऐकली," ते म्हणाले, आणि स्कूटरला किक मारून मांजरीच्या रस्त्याला लागले.