आपा आणि अब्बांचा आवाज

आपा कुणावर चिडली तरी आवाज चढवायची नाही. नुसतं विचारायची, "हा कंटेनर आत्ता मेला, तर मागं काय राहील?" उत्तर आलं नाही की काम परत. बारामतीतल्या आमच्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीतले सर्व्हर तिच्या ताब्यात होते. वयाने आमच्याहून फार मोठी नव्हती, तरी सगळ्यांची आपाच.

कंटेनर म्हणजे प्रोग्रॅम चालवायचा डबा. जुना काढून नवा लावला की आत साठलेलं जातं. म्हणून जपायचं ते वेगळ्या डिस्कवर ठेवून ती डिस्क डब्याला जोडायची असते. डिस्क पुसायची मुभा आपाने कुणालाच ठेवली नव्हती, स्वतःलाही नाही. आणि दर शुक्रवारी म्हणायची, "बॅकअप घेतला असं सांगू नका. परत आणून दाखवा."

एकदा वैतागून मी म्हणालो, "एवढी कसली भीती, आपा?"

तेव्हा तिने सांगितलं. तिचे अब्बा निरवांगीचे, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर. कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढायचं ठरलं, तेव्हा ऑपरेशनआधी तिने त्यांच्या गप्पा फोनवर रेकॉर्ड केल्या. भावंडांना ऐकता याव्यात म्हणून एक छोटं ॲप करून त्यात ठेवल्या आणि भरलेला फोन रिकामा केला. डिस्क जोडायची मात्र राहून गेली. पुढे तिने ॲपमध्ये सुधारणा करून नवा डबा लावला आणि अब्बांचा आवाज गेला.

"त्यांना सांगताना मला रडू आवरंना. त्यांनी पाटीवर लिहिलं, 'आसू दे. जेवलीस का?'"

मागच्या उन्हाळ्यात अब्बा वारले. आपाने नोकरी सोडली आणि ती आईजवळ राहायला गेली. चाळिसाव्या दिवसाच्या दुआला मी निरवांगीला गेलो, तेव्हा कन्हेरीच्या एका नातेवाइकाने कुठल्याशा लग्नातला जुना व्हिडिओ फोनवर आणला होता. बँडच्या गोंगाटात कुणीतरी ओरडत होतं, "गाडी मागं घ्या, मागं!"

आपाने फोन आईच्या कानाशी धरला. "अब्बाच हायेत ना, अम्मी?"

अम्मींनी डोळे मिटून ऐकलं. "न्हाय गं. ह्यो तुझा चुलता."

आपाने फोन खाली घेतला. अम्मींनी तिचा हात धरला.

"आसू दे, परत लाव. भाऊच हाय त्यांचा. थोडा तसाच लागतो."