बोटभर चुकलेली गिटार

आमचे सासरे रंगराव. घरात सगळे त्यांना आण्णा म्हणतात. उभा जन्म त्यांनी भोसरीच्या एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर म्हणून काढला. पोलादाचा जो भाग ओतायचा तो आधी हुबेहूब लाकडात करायचा, वाळूत त्याचा ठसा उठवायचा आणि त्या ठशात ओतकाम करायचं, असं ते काम. पुढे ते मशीनवर गेलं आणि आण्णा घरी आले. कान तेवढे फाउंड्रीतच राहिले. अगदी कानाशी ओरडलं तरच त्यांना ऐकू येतं.

पिंपळे गुरवला आमच्या घरापुढे पत्र्याची शेड आहे. तिथं त्यांचं बाकडं, रंधे, पटाश्या. सकाळी माझं हरिपाठाचं वाचन चालू असायचं आणि बाहेर त्यांचा रंधा. ह्यांना मात्र ती शेड भाड्यानं द्यायची होती. एक मोमोवाला कधीचा मागे लागला होता.

अशात थेरगावचा प्रितम आला. चाकणच्या कंपनीत नोकरी आणि जयंतीच्या दिवसांत ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणं. बेस म्हणजे जाड तारांची, खालच्या आवाजाची गिटार. त्याला ती हातानं घडवलेली हवी होती. आण्णांचं लाकडातलं काम त्यानं कुठंतरी पाहिलं होतं.

"गिटार कधी केली न्हाई बाळा," आण्णा म्हणाले, "पण माप दे. मापाला मी चुकत न्हाई."

हे दारातूनच म्हणाले, "भावा, बहिऱ्याकडून गिटार करून घेतोयस? मग आंधळ्याकडून चष्मापण बनवून घे की!"

प्रितमला नाइलाजानं हसू आलं. ते पाहून आण्णाही हसले. त्यांची ती सवयच आहे. समोरचा हसला की हसायचं.

त्या रात्री जेवताना ह्यांनी त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, "ही गिटार पास झाली तर शेड तुमची, मरेपर्यंत. नाही झाली तर मोमोवाला. मग कुरकुर चालणार नाही." आण्णांनी मान डोलावली.

एका जुन्या पॅटर्नचं सागवान कापून त्यांनी गिटारीचं अंग केलं. मानेवर फ्रेट बसवले, म्हणजे बोटं दाबायच्या त्या धातूच्या आडव्या काड्या. मग खालची जाड तार छेडून हनुवटी लाकडाला लावून बसायचे. "सूनबाई, ही हाडातनं ऐकू येती बघ," म्हणायचे. इतके खूश मी त्यांना सासूबाई गेल्यापासून पाहिले नव्हते.

प्रितम न्यायला आला त्याच दिवशी ह्यांनी मोमोवाल्यालाही बोलावलं होतं. तो गिऱ्हाइकांची बाकं कुठं मांडायची ते बघत फिरत होता. प्रितमनं गिटार लावली. मोकळी तार घुमली, अंगावर काटा आला. मग त्याची बोटं वर सरकली आणि त्याचा चेहरा पडला.

"काका, वर गेलं की बेसूर होतेय."

मी ते आण्णांच्या कानात ओरडले. मग त्यांनी आपली पितळी पट्टी आणि प्रितमनं दिलेली मोजायची टेप शेजारी शेजारी धरली. दोन्हींचे आकडे जुळत नव्हते. पोलाद थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्नमेकरच्या पट्टीवरचा प्रत्येक इंच मुद्दामच जरा मोठा आखलेला असतो. जन्मभराच्या सवयीनं फ्रेट त्यांनी त्या पट्टीनं आखले. तारा खाली जिथं अडकतात तो ब्रिज मात्र प्रितमच्या सांगण्यावरून टेपनं लावला, म्हणून मेळ चुकला.

"ब्रिज बोटभर मागं घेतो," आण्णा म्हणाले. "अर्धा तास द्या. फकस्त अर्धा तास."

"थांबतो की, काका," प्रितम म्हणाला.

"थांबतोस कशाला?" ह्यांनी त्यानं आगाऊ दिलेले पैसे त्याच्या खिशात कोंबले. "दुकानातनं चांगली घे. आणि ओ मोमोवाले, बाकडं हलवायला माणसं आणा."

प्रितम खाली मान घालून गेला. आण्णांनी त्याच अर्ध्या तासात ब्रिज मागे घेतला. मागे बाकडं उचललं जात होतं.

मग आमच्याकडे एक खेळच सुरू झाला. पाहुणे आले की हे ओरडणार, "आण्णा, तुमची ती गिटार आणा!" आणि आण्णा चादरीतून ती घेऊन येणार. एखाद्याला तरी कळेल, या आशेवर. कुणी तारा ओढायचं, हे टाळी द्यायचे, सगळे हसायचे. शेवटी आण्णाही.

परवा नणंद विजयश्री लेक-जावयाला घेऊन आल्या. जावई गणराज गिटार वाजवणारे. त्यांनी तारा लावल्या, पार वरपर्यंत बोटं नेली आणि म्हणाले, "मामा, हिची चेष्टा कशाला करता? पूर्ण सुरात आहे ही."

"जावईबापू, तुमचेपण कान गेले वाटतं!" हे म्हणाले. सगळं घर खिदळलं.

आण्णा एकेकाचं तोंड बघत होते. "काय म्हणले जावई?"

ह्यांनी त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "म्हणाले, बंबात घालायला बरी आहे!"

आण्णा या वेळी हसले नाहीत. मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि ओरडून सांगितलं, "आण्णा, खोटं आहे ते. जावई म्हणाले, सुरात आहे. माउलीची शपथ!"

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तू देवाधर्माची बाई. तुला कुणाचं मन मोडवत न्हाई. मी बघितली ना तोंडं सगळ्यांची."

काल पहाटे मी काकड आरतीला गेले होते. परत आले तर मागच्या बोळात बंब पेटला होता. शेजारी सागवानाचे तुकडे रचून ठेवले होते, कडेला कड लावून, सगळे एका मापाचे. तारा गुंडाळून खिळ्याला अडकवल्या होत्या.

हे आंघोळ करून बाहेर आले. म्हणाले, "आज पाणी झकास तापलंय."